गाव निवडताना डिसेंबर बघा

आजचा भाग त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या इनबॉक्समध्ये परदेशातलं ऑफर लेटर येऊन पडलंय आणि ज्यांचं दर हिवाळ्यात काहीतरी बिनसतं. पगार, टॅक्स, घरभाडं, व्हिसा यांचं एक्सेल आपण सगळेच करतो. त्यात मी आज अजून एक कॉलम वाढवायला सांगणार आहे. डिसेंबरमधला उजेड.

माझी ओळख थोडक्यात. मी वाईची. बीटेक झालं, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन हिवाळे स्टॉकहोममध्ये काढले आणि परत आले. चार वर्षं पूर्ण झाली असती तर तिथल्या पर्मनंट रेसिडेन्सीसाठी अर्ज करता आला असता. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, एकच तर वर्ष राहिलंय." त्यांचं गणित बरोबर होतं, फक्त त्या एका वर्षात एक हिवाळाही येत होता, आणि तो त्यांच्या गणितात नव्हता.

आता आपल्याकडे "हिवाळ्यात डिप्रेशन येतं" असं सांगितलं की लोक हसतात. त्यांचंही चूक नाही. आपला हिवाळा म्हणजे हुरडा, गूळपोळी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, लग्नसराई. वर्षातले सगळ्यात चांगले दिवस! माझ्या आत्याने विचारलं होतं, "थंडीनं कुणाला रडू येतं होय?" तर आत्या, थंडीनं नाही. अंधारानं.

या आजाराचं नाव सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं. गंमत म्हणजे रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतले. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला गेले आणि हिवाळ्यात आपलीच शक्ती कमी होते हे त्यांना जाणवलं. म्हणजे हा विषय सुरूच झाला तो गाव बदललेल्या माणसापासून.

याची लक्षणं नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडी वेगळी असतात. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याच जणांची झोप उडते, भूक जाते. इथे बहुतेक वेळा उलट. दहा तास झोपूनही उठवत नाही. गोड आणि ब्रेड, बटाटा, भात खावासा वाटतो. वजन वाढतं. माणसं नकोशी होतात. आणि मार्च-एप्रिल आला की कुणी बटण दाबल्यासारखं सगळं सुटतं. सलग दोन वर्षं ठरावीक ऋतूत येतं आणि ठरावीक ऋतूत जातं, असं दिसलं की डॉक्टर या दिशेने विचार करतात. मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझ्याकडे पुरावा म्हणून फोनच होता. स्टेप काउंट, गॅलरीतले फोटो, जेवण मागवल्याच्या नोंदी. नोव्हेंबर ते मार्च हा आलेखातला खड्डा तिन्ही वर्षी एकाच जागी होता. तुम्हालाही शंका असेल तर आज रात्री तुमचा फोन उघडून बघा. आठवण फसवते, लॉग फसवत नाही.

हे होतं कशामुळे? आपल्या डोळ्यांत बघण्यासाठीच्या पेशी असतात, तशा फक्त उजेड मोजणाऱ्या काही पेशीही असतात. २००२ च्या सुमारास त्यांचं काम नीट उलगडलं. त्या मेंदूतल्या घड्याळाला सांगतात की दिवस उजाडला. सकाळचा भरपूर उजेड मिळाला की हे घड्याळ जागेवर राहतं. तो मिळाला नाही की घड्याळ मागे पडत जातं, आणि ज्यांचा मूळ पिंड नाजूक आहे त्यांचं मनही त्याच्यासोबत घसरतं. सगळ्यांचं घसरत नाही. माझी स्वीडनमधली रूममेट डिसेंबरमध्ये मजेत स्वेटर विणायची. तिला जे मानवतं ते मला मानवेलच असं नाही, आणि त्यात दोघींपैकी कुणाचाच पराक्रम किंवा कमीपणा नाही.

आता थोडे आकडे. वाई जवळजवळ १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सगळ्यात लहान दिवस असतो सुमारे ११ तासांचा. न्यूयॉर्कचा सव्वानऊ. म्युनिक आणि सिएटलचा आठ तासांच्या थोडा वर. लंडन आणि बर्लिनचा पावणेआठच्या आसपास. स्टॉकहोमचा सहा. तिथे डिसेंबरमध्ये पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे तुम्ही ऑफिसला जाता तेव्हा अंधार, आणि दुपारची स्टँडअप संपते तेव्हा परत अंधार.

पण नुसते तास मोजून भागत नाही. सूर्य किती वर येतो तेही बघायचं. हिशेब सोपा आहे. २२ डिसेंबरच्या दुपारची उंची काढायला ९० मधून गावाचा अक्षांश वजा करायचा, मग अजून साडेतेवीस वजा करायचे. वाईला येतात साधारण ४८ अंश. स्टॉकहोमला येतात ७. सात अंश म्हणजे सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या मागेच राहतो. वाईत भर डिसेंबरात दुपारी सूर्य जितका वर असतो, तितका वर स्टॉकहोममध्ये यायला मे महिन्याचा दुसरा आठवडा लागतो. हे गणित मी घातलं तेव्हा मला बरं वाटलं. कारण तोपर्यंत मी स्वतःला आळशी म्हणत होते, आणि आता समोर भूगोल होता.

"आमच्या ऑफिसात भरपूर लाइट आहे" असं कुणी म्हणेल. ऑफिसातला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवसही हजारो लक्सचा असतो आणि आपलं स्वच्छ ऊन एक लाखाच्या घरात जातं. डोळ्यांना खोली उजळ वाटते, पण मेंदूतल्या घड्याळाच्या हिशेबात ती संध्याकाळच असते.

ऋतू बघून मुक्काम ठरवणं आपल्या भागाला नवं नाही. १८२० च्या दशकाच्या शेवटी इंग्रजांनी महाबळेश्वर वसवलं ते उन्हाळ्यासाठी. पण पावसाळ्यात तिथे राहणार कोण? वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आठवडे आठवडे धुकं, घरांना चहूबाजूंनी गवताचं आवरण बांधायचं आणि आत दिवे लावून बसायचं. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या पुढाकाराने पांचगणी वसली. उंची आहे, हवा थंड आहे, पण पाऊस कितीतरी कमी, आणि बारा महिने राहता येतं. तिथून पसरणी घाट उतरून वाईत आलात की पाऊस अजून कमी. जेमतेम ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर तीन वेगवेगळी आभाळं आहेत. अक्षांश मात्र तिन्हीकडे जवळपास तेवढाच.

हे मुद्दाम सांगतेय. काही जणांचं मन हिवाळ्यात पडत नाही, ते जुलै-ऑगस्टच्या ढगांत पडतं. काहींना उन्हाळाच सोसत नाही. त्यांनी माझा डिसेंबर बघून काय उपयोग? त्यांनी आपला वाईट महिना शोधायचा आणि त्या महिन्यात ते गाव कसं असतं ते बघायचं. जूनमध्ये युरोप बघून आणि ऑक्टोबरमध्ये महाबळेश्वर बघून घर ठरवू नका.

मग परत वाईत आलं की झालं? नाही ना. इथे खरी गोम आहे. परत आल्यावर मला दोन कामं मिळत होती. दोन्ही घरून. एकात पगार जवळपास दीडपट, पण शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. आता विचार करा. पहाटे चारला झोपायचं, बाराला उठायचं, पडदे लावलेली खोली. सकाळचा उजेड शून्य. पत्ता वाईचा, पण शरीर राहणार स्टॉकहोममध्ये! पुणे-साताऱ्यात असे कितीतरी जण आहेत, जे उन्हाच्या देशात राहून ऊन बघत नाहीत. मी कमी पगाराचं, दिवसाचं काम घेतलं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्यामुळे दोन वर्षं लांबले. हे फुकटात झालेलं नाही, म्हणून सांगतेय.

तेव्हा गाव निवडताना माझे चार प्रश्न असे. एक, माझ्या वाईट महिन्यात तिथे उजेड किती? दोन, माझ्या कामाच्या वेळा आणि माझी खिडकी तो उजेड माझ्यापर्यंत येऊ देतील का? तीन, मी चार दिवस दिसले नाही तर दार वाजवणारं कुणी आहे का? चार, उपचार मिळतील का? चौथ्या प्रश्नात वाई हरते, हेही मान्य करू. तिसऱ्यात मात्र ती सहज जिंकते. इथे सकाळी गणपती घाटावर दोन दिवस गेले नाही तर तिसऱ्या दिवशी आईला कुणीतरी विचारतंच, "पोरगी बरी आहे ना?" कधी कधी याचा वैताग येतो. पण हिवाळ्यात तोच वैताग औषधासारखा लागू पडतो.

आणि ज्यांना परत यायचं नाही किंवा येता येत नाही, त्यांचं काय? 'स्वदेस'चं शूटिंग आमच्या शेजारच्या मेणवलीत झालं होतं, पण प्रत्येकाने मोहन भार्गव व्हावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. तिथे राहूनही उपाय आहेत. १०,००० लक्सचा दिवा सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, हा अभ्यासलेला उपचार आहे. २००६ च्या कॅनडातल्या एका चाचणीत त्याचा परिणाम फ्लुओक्सेटिन या गोळीच्या तोडीचा दिसला. फक्त डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका. याच आजारासाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे बोलून करायची थेरपीही आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर चाला, आभाळ कितीही राखाडी असो. आणि भारतात यायची रजा जमत असेल तर जानेवारीत टाका. गणपतीला यायची ओढ मला कळते, पण सप्टेंबरमध्ये तिथेही ऊन असतं.

माझं सांगायचं तर इथे आल्यावर उदास दिवस संपले असं नाही. ते येतात, कुणालाही येतात तसे येतात आणि जातात. पाच महिने मुक्काम ठोकत नाहीत, एवढाच फरक आहे. त्या फरकाची किंमत एक रेसिडेन्सी आणि अर्धा पगार. मला परवडली. तुम्हाला परवडेल की नाही, ते तुमच्या एक्सेलमध्ये तुम्ही ठरवा. फक्त तो कॉलम रिकामा ठेवू नका.

आणि हे ऐकताना कुणाला आत्ताच फार जड वाटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर गाव बदलायची वाट बघू नका. भारतात असाल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. परदेशात असाल तर तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, आणि एक फोन घरीही करा. "थंडीनं कुणाला रडू येतं होय?" असं घरच्यांनी विचारलं, तर त्यांना हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सकाळी जरा बाहेर पडा.