पाचाच्या जागी दहा



आडमार्गाने गावाला निघालो की आपण फाट्यावर थांबतो आणि टपरीवाल्याला विचारतो, ‘अमुक गाव कुठल्या बाजूला?’ त्याला ठाऊक असलेली दिशा तो दाखवतो. पुढचा फाटा आला की पुन्हा विचारायचे. परदेशातल्या मुलीशी आपण फोनवर समोरासमोर बोलतो, तेव्हा आपला शब्द असाच फाट्याफाट्यावर विचारत जातो. तिथे टपरीवाल्याच्या जागी राउटर नावाचे यंत्र असते. ‘या पत्त्यांकडे माझ्यामार्फत जाता येईल’ असे इंटरनेटमधले एक जाळे, म्हणजे नेटवर्क, शेजारच्या जाळ्याला कळवते, शेजारी तो निरोप पुढे सांगतो, आणि मोठ्या राउटरला आज जगभरातले सुमारे १० लाख मार्ग लक्षात ठेवावे लागतात. हे निरोप ज्या बोलीत जातात तिला बीजीपी म्हणतात. १९८९ साली एका बैठकीत जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा उतरला.

ही बोली बोलणारे सॉफ्टवेअर बड्या कंपन्या विकतात, तसेच ते ओपन सोर्सही आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि इतरांना द्यावा. १९९६ साली जपानमध्ये कुनिहिरो इशिगुरो यांनी ‘झीब्रा’ सुरू केले. त्यातून ‘क्वागा’ निघाले. क्वागा ही झेब्र्याची एक जात. तिचा शेवटचा प्राणी १८८३ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पुढे क्वागातूनच आजचे ‘एफआरआर’ आले आणि २०१७ साली ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झाले. प्राग शहरात वाढलेले ‘बर्ड’ आणि ओपनबीएसडीच्या मंडळींचे ‘ओपनबीजीपीडी’ ही स्वतंत्रपणे लिहिलेली, पण तीही ओपन सोर्सच. असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. मी मात्र आज ते दुरुस्त करणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

पहिली गोष्ट २००९ सालची. इंटरनेटवरच्या प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो. पूर्वी तो जास्तीत जास्त ६५,५३५ असू शकत असे, म्हणजे पाच अंकी. जाळी वाढली, क्रमांक अपुरे पडू लागले, म्हणून क्रमांकाची मर्यादा ४२९ कोटींच्या पुढे नेली. आता तो दहा अंकी होऊ शकत होता. १ जानेवारी २००९ पासून, कुणी मुद्दाम छोटा क्रमांक मागितला नाही तर, हे मोठे क्रमांक देण्याचे धोरण आले. क्वागाला ते समजतही होते. पण एखादा मार्ग कोणकोणत्या जाळ्यांतून आला, ती यादी अक्षरांत लिहून काढायची वेळ आली की प्रत्येक क्रमांकासाठी जागा धरलेली होती पाच अंकांची आणि पुढे एका रिकाम्या घराची. लांब क्रमांकांची यादी आली, मजकूर धरलेल्या जागेबाहेर गेला, प्रोग्रॅममध्येच लिहिलेली पडताळणी फसली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडला. दूरवरच्या कुणीतरी आपला खरा क्रमांक कळवला होता, एवढेच त्याचे कारण.

या दोषाच्या दुरुस्तीचा गाभा काय होता? पाचाच्या जागी दहा. एक आकडा. पण तो आकडा कुठल्या ओळीत दडला आहे हे शोधायला कुणीतरी बंद पडलेल्या प्रोग्रॅमचे अवशेष तपासले, दुसऱ्याने लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचला. पाच अंक पुरतात हे गृहीतक जुन्या जगाचे होते. जग पुढे गेले आणि गृहीतक एका ओळीत तसेच बसून राहिले. माझ्या अनुभवात बहुतेक बग असेच असतात. ते निष्काळजीपणाने घुसतात त्याहून अधिक वेळा काळ बदलल्यामुळे उघडे पडतात.

दुसरी गोष्ट जानेवारी २०१९ ची. कुणी दुसऱ्याचे पत्ते आपले म्हणून जाहीर केले तर त्याला आळा घालता यावा, यासाठी काही संशोधक एक पद्धत तपासत होते. त्यांनी आधी जाहीर सूचना दिली आणि ८ जानेवारीला आपल्याच पत्त्यांचा एक निरोप सोडला. बीजीपीच्या निरोपाला क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या जोडता येतात. नियम असा, की चिठ्ठी ओळखीची नसेल आणि पुढे नेण्याची खूण तिच्यावर असेल, तर ती न फोडता पुढे द्यावी. संशोधकांनी प्रयोगांसाठी राखून ठेवलेला २५५ हा क्रमांक वापरला. त्यांचा निरोप नियमाला धरून होता.

पण एफआरआरमध्ये एका आभासी जाळ्याच्या सोयीसाठी तोच २५५ आधीपासून वापरात होता. एफआरआरने ती चिठ्ठी आपलीच समजून फोडली. आतला मजकूर त्याला चुकीचा वाटला आणि त्याने शेजाऱ्याशी चाललेले बोलणेच तोडले. बोलणे तुटले की त्या शेजाऱ्याकडून कळलेले सगळे मार्ग पुसले जातात. एका चिठ्ठीपायी सगळे मार्ग! खरे तर २०१५ सालीच नवा नियम आला होता, की निरोप बिघडलेला असला तर शक्य तिथे तेवढाच मार्ग सोडून द्यावा, संबंध तोडू नये. एफआरआरमध्ये तो तेव्हा आलेला नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या राउटरांना ती चिठ्ठी कळत नव्हती, त्यांनी ती बिनतक्रार पुढे दिली. आपल्याला ती कळते असे ज्याला वाटले, त्यानेच संबंध तोडला.

प्रयोग थांबवला गेला. एफआरआरच्या लोकांनी ताबडतोब कोड बदलला. कुणी मुद्दाम ती सोय चालू केल्याशिवाय २५५ ला हातच लावायचा नाही, अशी ती दुरुस्ती होती. सुधारलेल्या आवृत्त्या बाहेर पडल्या. मग २३ जानेवारीला प्रयोग पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा तक्रार आली. दुरुस्ती तयार होती, पण सगळ्या यंत्रांवर ती पोहोचली नव्हती. संशोधकांनी तो प्रयोग कायमचा बंद केला.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचे आहे ते या पंधरा दिवसांत आहे. कोड बदलला म्हणजे दुरुस्ती झाली, असे नाही. शेवटच्या यंत्रावर ती बसते तेव्हा ती होते. आणि तिची सुरुवातही कोड लिहिणाऱ्याकडून होत नाही, दोष नीट सांगणाऱ्याकडून होते. ‘चालत नाही’ ही तक्रार झाली, नोंद नव्हे. आवृत्ती कोणती, मांडणी कशी होती, कोणता निरोप आला, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे ज्याने लिहिले त्याने अर्धे काम केले.

एफआरआरला मी पाठवलेला पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, तीनदा परत आला. कोड बरोबर होता, पण तो बदल का हवा हे मी लिहिले नव्हते आणि सोबत चाचणी जोडली नव्हती. एफआरआरच्या चाचण्यांमध्ये एकाच संगणकावर चार-पाच आभासी राउटर उभे करता येतात, त्यांना एकमेकांशी बोलायला लावता येते. मी तशी चाचणी लिहिली. जुन्या कोडवर ती नापास झाली, नव्या कोडवर पास. बदलाच्या मथळ्यात प्रोग्रॅमच्या ज्या भागाला हात लावला त्याचे नाव लिहिले, खाली कारण लिहिले आणि शेवटच्या ओळीत, हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे सांगत माझे नाव घातले. तेव्हा तो स्वीकारला गेला. परत पाठवणाऱ्यांनी मला शिकवले, की दहा वर्षांनी ही ओळ वाचणारा अनोळखी माणूस हाच आपला खरा वाचक आहे.

हे काम संपणारे नाही. २०२३ साली एका संशोधकाने मुद्दाम बिघडवलेले निरोप पाठवून निरनिराळे राउटर तपासले. एफआरआर आणि ओपनबीजीपीडी या दोन्हींत दोष निघाले, नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांतही निघाले. कोड उघडा असला म्हणून दोष आपोआप सापडत नाहीत. कुणीतरी बसून तो वाचावा लागतो.

म्हणून समोर बसलेल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. नवे काही उभारण्याआधी दुसऱ्याच्या कोडमधला एक दोष शोधा, नीट नोंदवा आणि जमला तर दुरुस्त करा. प्राध्यापकांनी अशा एका स्वीकारलेल्या पॅचला वर्षाच्या प्रकल्पाइतके गुण द्यावेत. आणि ज्यांच्या हाती कार्यालयाचे, महाविद्यालयाचे, बँकेचे राउटर आहेत, त्यांनी उद्या सकाळी कामावर गेल्यावर एवढेच पाहावे, की आपल्या यंत्रावर कोणती आवृत्ती चालू आहे. कुणीतरी केलेली दुरुस्ती कदाचित तुमच्याच यंत्रापर्यंत पोहोचायची राहिली असेल.