जुन्या विमापत्रांचे देणे

१९४२ ते १९५३ या काळात अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीने लव्ह कॅनॉल या अर्धवट कालव्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. १९७८ मध्ये तेथील कुटुंबांवर घरे सोडण्याची पाळी आली. त्या क्षोभातून १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा झाला: घाण ज्याची, सफाईचा खर्चही त्याचा, मग ती कितीही जुनी असो.

पण पैसा कोठून यायचा? त्या काळच्या दायित्व विम्याची मेख अशी, की हानी विम्याच्या मुदतीत घडली असेल, तर मुदत सरून चाळीस वर्षे लोटली तरी विमा कंपनीची बांधिलकी उरते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाखाली झिरपलेल्या द्रावकाची सफाई माळ्यावरच्या पिवळ्या कागदाच्या बळावर होऊ शकते. असे कागद हुडकून देणे हा तेथे स्वतंत्र धंदाच झाला आहे.

१९८६ पासून कंपन्यांनी नव्या विमापत्रांतून प्रदूषण जवळजवळ सर्वस्वी वगळले. आधीचे वचन पुसता येईना, म्हणून त्या भांडत राहिल्या. रँड संस्थेच्या १९९२ च्या अभ्यासानुसार सुपरफंडच्या दाव्यांवर विमा कंपन्यांनी केलेल्या खर्चापैकी सुमारे ८८ टक्के रक्कम कज्जेखटल्यांत गेली. हप्ते घेताना मात्र कोणी वकील आडवा आला नव्हता!

कारखाना बुडाला, दप्तर रद्दीत गेले, तर पुरावा कोणी आणायचा? ओरेगन राज्याच्या कायद्याने हरवलेल्या विमापत्राचा कसून शोध घेणे विमा कंपनीवरही बंधनकारक केले आहे. तिचे दप्तर सहसा रद्दीत जात नाही.