कुत्रा भाडेकरूचा, जबाबदारी कोणाची?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत बहुतेक घरांत मालक स्वतः राहत होते. आता मुलं परगावी, परदेशी गेली आणि बरेच फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिले गेले. भाडेकरू येतात, त्यांच्याबरोबर त्यांची कुत्रीही येतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो कुत्रा चावल्यावर. मी वकील नाही. पण बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे सही करण्याआधी कागद वाचायची सवय आहे. त्या सवयीतून चार गोष्टी सांगतो.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या एका मावशींना भाडेकरूंचा कुत्रा जिन्यात चावला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली, पण प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी त्यांची दोन-तीन घरची कामं बुडाली. भाडेकरू म्हणाले, "त्यांनीच शेपटीवर पाय दिला." घरमालक परदेशातून फोनवर म्हणाले, "कुत्रा माझा नाही." कमिटी म्हणाली, "हा त्या दोघांचा प्रश्न." शेवटी विंगमधल्या चार बायकांनी पैसे काढून मावशींना दिले. त्यांचं कौतुकच आहे, पण ते देणं त्यांचं नव्हतं.

मग कोणाचं होतं? कायद्याचं पहिलं बोट कुत्रा पाळणाऱ्याकडे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यात 'ताब्यातल्या' हा शब्द महत्त्वाचा. कुत्रा भाडेकरूच्या ताब्यात असतो, म्हणून केवळ फ्लॅट नावावर आहे एवढ्याने घरमालक गुन्हेगार ठरत नाही.

पण म्हणून घरमालकाने हात झटकावेत असं नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायालय विचारू शकतं, 'कुत्रा अंगावर येतो हे तुम्हाला माहीत होतं का? थांबवणं तुमच्या हातात होतं का?' दोन-तीन तक्रारींची पत्रं घरमालकाला पोचली असतील आणि त्याने तरीही करार वाढवून दिला असेल, तर 'मला काय ठाऊक' हे उत्तर टिकणं कठीण. शिवाय १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी; त्यातून मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. घर मालकाचंच राहतं, आणि सोसायटीचा सभासदही तोच असतो. अकरा महिन्यांचं भाडं घ्यायचं तेवढं आपलं आणि तक्रार आली की भाडेकरूची, हा हिशोब जुळत नाही.

म्हणून घरमालकांना विनंती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती नोंदणी करून घेणं घरमालकाचंच काम आहे. मग त्याच करारात चार ओळी जास्त लिहा. कुत्र्याची महापालिकेकडची नोंद, दरवर्षीची रेबीजची लस, जिन्यात-लिफ्टमध्ये पट्टा, आणि कोणाला चावल्यास उपचार व बुडालेल्या मजुरीचा खर्च भाडेकरूने द्यायचा; न दिल्यास डिपॉझिटमधून वळता होईल. तोंडी कबुलीला शाखेत कधी किंमत नव्हती, इथेही नसते.

कमिटीलाही सांगतो. बहुमताने ठराव करून कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. भाडेकरूंनाही तेच लागू. पण तक्रार आली की त्याच दिवशी घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही लेखी कळवा आणि पोच ठेवा. जिन्यातला दिवा मात्र सोसायटीचाच. अंधारात कोणी कुत्र्यावर पाय दिला, तर तिथे बोट आपल्याकडे वळेल.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी. कुत्रा चावला तर घाबरून लपवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करायची. रेबीज झाला की त्यावर खात्रीचा इलाज नाही. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं, म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांनी तेवढे दिवस त्याला कुठे पाठवू नये.

भरपाई कोणी द्यायची हे आधी कागदावर असेल, तर चावल्यावर भांडण होत नाही. ज्या माणसाला चावलं, त्याने तीन दारं वाजवावीत आणि तिन्ही बंद असावीत, असं आपल्या सोसायटीत पुन्हा होऊ नये. ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत, त्यांनी पुढचा करार वाढवताना एवढं जरूर करावं.