अक्षर की चित्र?

पूर्वीचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील शहागंजच्या बाजारात सायंकाळी पाऊल टाकणाऱ्यास डोळ्यांआधी कानांनी बाजार कळतो. विक्रेता मालाचे नाव आणि भाव हाळी देऊन सांगत असतो. त्यामुळे दृष्टिहीन गिऱ्हाइकासही कोणत्या गाडीवर काय आहे आणि ते केवढ्यास मिळेल, हे कोणाचा हात न धरता समजते. परंतु तेच गिऱ्हाईक घरी जाऊन मुलीच्या शिष्यवृत्तीची सूचना भ्रमणध्वनीवर उघडू लागले, की पुष्कळदा यंत्र मुके होते. बाजारात जो स्वावलंबी, तो कागदापुढे परावलंबी! असे का व्हावे?

वस्तुतः यंत्रास वाचा आहे. ‘स्क्रीन रीडर’ नावाची प्रणाली पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. २००६ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेली ‘एनव्हीडीए’ ही अशीच एक प्रणाली असून ती विनामूल्य मिळते. मात्र तिची एक अट आहे. तिला अक्षर हवे. अक्षराचे चित्र तिच्या उपयोगाचे नाही.

कार्यालयातील एखाद्या पत्राचा प्रवास पाहावा. ते संगणकावर टंकलिखित होते, तेव्हा त्यातील प्रत्येक अक्षर जिवंत असते. मग ते कागदावर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, आणि त्या कागदाचे छायाचित्र काढून ते पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढविले जाते. डोळसास दोन्हींत भेद दिसत नाही. यंत्रास मात्र तेथे केवळ काळे-पांढरे ठिपके उरतात. मंददृष्टी वाचकाने ते मोठे करून पाहिले, तर अक्षरे फाटतात. चित्रातून अक्षरे ओळखणारी ‘ओसीआर’ प्रणाली आहे खरी. पण शिक्क्याखाली दडलेल्या तारखेतील एक अंक चुकला, तरी अर्जाची मुदत हुकते. ‘अक्षर’ म्हणजे जे झरत नाही, नाश पावत नाही ते. येथे अक्षरच क्षर होऊन बसते! आणि उपाय तर साधा आहे: मूळ धारिकेवरूनच पीडीएफ करावी व सही डिजिटल करावी.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकांत देवनागरी वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. पडद्यावर ‘मराठी’ असा शब्द शोभतो. परंतु आत साठविलेली असतात ती ‘ई, जे, के, बी, एच’ ही अक्षरे. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. मुखवटा मराठी, आणि वाणी निरर्थक! १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतःचे स्थान मिळाले. तरीही जुन्या टंकांचा मोह अनेक ठिकाणी सुटलेला नाही. ज्यास मराठीचा अभिमान आहे, त्याने तिला निदान तिच्या स्वतःच्या अक्षरांत साठवावे.

अक्षरे जिवंत ठेवल्यावर रचनेचा विचार येतो. मथळा नुसता ठळक न करता त्यास मथळ्याची शैली द्यावी, म्हणजे ऐकणारा वाचक चाळीस पानांतून हव्या त्या प्रकरणावर थेट जातो. तक्त्याची शीर्षओळ नेमून द्यावी. चित्राखाली त्याचे वर्णन लिहावे. ‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक’ एवढेच लिहू नये. रंग न ओळखणाऱ्याने काय करावे? ज्याचा हात माऊस धरू शकत नाही, त्यास केवळ कळफलकावर अर्ज पुरा करता यावा. कर्णबधिरांसाठी चित्रफितीस लिखित मजकूर जोडावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. लागते ते अवधान.

हा प्रश्न मूठभरांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रात २९ लक्षांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या ४२ व्या कलमाने श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांस घेता येईल अशा स्वरूपात असावा, याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सुगम्यतेचे मानदंड शिफारशीपुरते न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सांगितले.

‘जीवित’ हा शब्द येथे अतिशयोक्तीचा वाटेल काय? ज्यास बँकेचे पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, त्याची शिल्लक शेजाऱ्यास ठाऊक होते. ज्यास आपल्या रोगाचा अहवाल पुतण्याकडून ऐकावा लागतो, त्यास आपले दुःख आधी एकट्याने जाणून घेण्याचाही अवकाश उरत नाही. वाचून दाखविणारा भला असेल. पण भलेपणावर सोपविलेला हक्क हा हक्क राहत नाही, ती मेहेरबानी होते.

हे भाषण रेडिओवरून ज्यांच्या कानी पडते, त्यांस ते डोळ्यांनी पाहण्याची गरज नाही. आणि ज्यांस ते ऐकू येणार नाही, त्यांच्यासाठी ते मासिकात छापले जाते. एकच मजकूर दोन वाटांनी दोन घरी पोहोचतो. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. उद्या कोणी श्रोता एखादी सूचना, निमंत्रण वा प्रश्नपत्रिका तयार करून धाडावयास निघेल, तेव्हा त्याने क्षणभर थांबून एवढेच पाहावे, की आपण अक्षर धाडीत आहोत, की त्याचे चित्र?