ऐकणारी कोण, आणि कुणाच्या फोनवर?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय, 'आपल्या पॉडकास्टचे श्रोते कसे वाढवावेत'. आधी तो शब्द सोडवून घेऊ, कारण मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी हळूच विचारलं, की ताई, हे असतं तरी काय? बोलून, ध्वनिमुद्रण करून ठेवलेला कार्यक्रम. इंटरनेटवरून तो फोनवर येतो आणि हवा तेव्हा ऐकता येतो. रेडिओचंच भावंड म्हणा. फरक इतकाच की याला सरकारी परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. एक फोन आणि एक शांत खोली पुरते. (शांत खोली मिळवणं हेच आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. अर्ध्या भागांत मागून कोंबडा आरवतोय.)

आमचा गट दोन वर्षं असा कार्यक्रम करतो आहे. दर पंधरवड्याला दहा मिनिटं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं रेशनकार्ड, सातबाऱ्यावरचं नाव, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, असे विषय. सुरुवातीला आम्ही शहरातल्या एका प्रशिक्षणात शिकवलं तसंच सगळं केलं. ठसठशीत शीर्षक द्या, एक मिनिटाचा चटकदार तुकडा कापून सगळीकडे पाठवा, आठवड्याला तीनदा आठवण करा. आकडा वाढला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. मग एका मुलीने आकड्याच्या आत डोकावून पाहिलं. ऐकणारे पुण्याचे, मुंबईचे, काही तर परदेशातले. ज्यांच्यासाठी बोलत होतो त्या माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायका जवळजवळ नव्हत्याच.

का नव्हत्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ३८ बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण ६१च्या पुढे. खेड्यातला बाईचा आकडा याहून बराच खाली. आणि 'घरात फोन आहे' याचा अर्थ 'तिच्याकडे फोन आहे' असा होत नाही. तो नवऱ्याच्या खिशात असतो, मुलाच्या हातात असतो. तिच्या वाट्याला येतो तो रात्री, भांडी झाल्यावर, चार्जिंग संपत आलेला. अशा फोनवर ती नवऱ्याशेजारी बसून पोटगीचा कार्यक्रम ऐकेल का?

आवाज बाईपर्यंत पोचवायची धडपड आपल्या भागाला नवी नाही. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३चं. पुढे फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. त्या खंडपीठाचा मुख्य निकाल लिहिला तो न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. तरी संस्था-संघटनांना स्वतःचं केंद्र काढायची मुभा मिळायला २००६ साल उजाडावं लागलं. २००८मध्ये म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. जत तालुक्यात जालिहाळला 'येरळा वाणी'. अशा केंद्राची ताकद नियमाने शंभर वॉटच्या आसपास बांधलेली, म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जायचा. आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत हीही अट. पण त्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आत रेडिओ चुलीपाशी वाजतो, गोठ्यात वाजतो, त्याला रिचार्ज लागत नाही. आणि कोणी काय ऐकलं याची नोंद तो मागे ठेवत नाही. आमच्या फोनच्या युगात ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे.

म्हसवडच्या केंद्रावर शाळेत न गेलेल्या केराबाई सरगर गाणी म्हणत, कार्यक्रम करत लोकांच्या ओळखीच्या झाल्या. आम्ही मात्र पहिल्या सहा भागांत मी, एक वकील आणि एक प्राध्यापिका, अशा तिघीच बोललो. माझं समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण प्रत्येक वाक्यातून डोकावत होतं. 'सक्षमीकरण' हा शब्द मी एका भागात नऊ वेळा वापरला, हे आमच्या गटातल्या एका आजींनी मोजून सांगितलं. सातव्या भागात त्या आजी स्वतः बोलल्या. तो भाग त्यांच्या वाडीने ऐकला, पाहुण्यांनी ऐकला, लेकीच्या सासरी गेला. श्रोते वाढवण्याचा मला सापडलेला सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच. ओळखीचा आवाज असला की गाव कान देतं.

पण इथेच आमच्या हातून जे घडलं ते मला सांगायचंय. हे लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

एका बाईने तिची गोष्ट सांगितली. नाव बदललं होतं, गाव सांगितलं नव्हतं. तिची संमती होती, लेखी. जाहिरातीसाठी आम्ही त्यातला तिच्या रडण्याचा तुकडा कापला आणि शंभरेक गटांवर सोडला. पुढे पाठवण्याच्या साखळीत तो तिच्याच भावकीच्या गटावर पोचला. नाव बदलता येतं हो, आवाज कसा बदलणार? 'आमच्या घराची अब्रू बाजारात मांडली' म्हणून तिला घराबाहेर काढलं. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क २००५च्या कायद्याच्या १७व्या कलमात आहे, हे आम्हीच त्या भागात सांगितलं होतं. त्याच हक्कासाठी तिचा अर्ज लिहायला मला तिच्याबरोबर बसावं लागलं. ती मला एकच म्हणाली, "ताई, बोलायला मी हो म्हणाले होते. वाटायला नव्हते." आमच्या संमतीच्या कागदावर हा फरक नव्हता.

आता आहे. आता दोनदा विचारतो : ध्वनिमुद्रणाला आणि नंतर, सगळं ऐकवून, बाहेर पाठवायला. दुःखाचा तुकडा कापून पाठवणं बंद. नाजूक गोष्ट असेल तर ती दुसरीच कोणीतरी, दुसऱ्या तालुक्यातली, आपल्या शब्दांत सांगते.

शीर्षकाचंही तसंच. प्रशिक्षणात सांगतात, नाव असं द्या की बोट थांबलंच पाहिजे. पण फाइल आली की ते नाव फोनच्या पडद्यावर झळकतं आणि फोन कुणाचा ते आपण पाहिलं. 'नवरा मारतो? हे ऐका' या नावाने पुण्यातली मुलगी थांबेल, झरे गावातल्या बाईला मात्र मार बसेल. म्हणून आमचा भाग आता 'भाग १४ : घरातले कागद' असा साधा असतो. आकड्याला फटका बसला. बसू दे.

बाकी कामाच्या गोष्टी पटकन सांगते. फाइल हलकी ठेवा. एकपदरी आवाज, ६४ केबीपीएस, म्हणजे दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो आणि रेंज नसलेल्या वाडीत ब्लूटूथनेही देता येतो. १८१ हा मदतीचा नंबर भागाच्या मध्येच सांगा, शेवटपर्यंत सगळ्या थांबत नाहीत.

आणि एकत्र ऐका. १९८३पासून 'मुलगी झाली हो' हे नाटक गावोगाव झालं, तेव्हा बायका एकेकट्या थोड्याच पाहायला आल्या होत्या? मैत्रिणीच्या सोबतीने आल्या, आणि नंतर पारावर, पाणवठ्यावर बोलल्या. आम्ही बचत गटाच्या मासिक बैठकीत, हप्ते गोळा झाले की छोट्या स्पीकरवर एक भाग लावतो. बैठकीला जायला घरून परवानगी असतेच. पंधरा जणी ऐकतात, फोन एक असल्यामुळे आकडा एकाने वाढतो. देणगीदारांना हे समजावताना माझा घसा बसतो. त्यांच्यासाठी आम्ही वहीत लिहितो : किती जणी बसल्या, कोणी प्रश्न विचारला, पुढच्या आठवड्यात कोण कागद घेऊन आली. विट्याजवळच्या एका बैठकीत भाग संपल्यावर कोणीच बोललं नाही. तीन दिवसांनी त्यातली एक बाई पिशवीत सातबारा घेऊन आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसली होती.

पुढचा भाग विभक्त रेशनकार्डावर आहे. माझ्याकडे चार स्पीकर आहेत, गट अकरा आलेत. कोणाला कोणत्या आठवड्यात हवा ते जेवणाआधी वहीत लिहून द्या, आणि चार्जर परत करायला विसरू नका.