सहल कुणाची?



करोनाच्या टाळेबंदीत बंद पडलेली मनोरंजन उद्याने राज्यात २२ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू करायला परवानगी मिळाली. पाण्याचे खेळ तेवढे बंद ठेवले होते. सगळ्यांनाच हायसे वाटले. पण काळेवाडीतल्या घरात ‘चला, निगडीच्या अप्पूघरला’ असे ठरले, की बाई पहाटेच उठते, पुऱ्या-भाजी करते, डबे भरते. तिथे नवरा-मुले पाळण्यात आणि ही खाली चपला-पिशव्या सांभाळत. पैसे वाचवायचे तर तिचेच तिकीट गळते.

टाळेबंदीत शाळा, बागा, कारखाने बंद झाले. तिची चूल एक दिवसही बंद नव्हती. मग विसाव्याची पहिली गरज कुणाला?

पुढच्या सहलीआधी घरात एवढे ठरवून घ्या: डबा सगळ्यांनी मिळून करायचा, पिशव्या पाळीपाळीने सांभाळायच्या, पहिले तिकीट बाईचे.