वाढत्या मुलांचें मन आणि आपलें घर

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष म्हटलें म्हणजे मागें वळून पाहाण्याचें वर्ष. देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणत्या सालीं आली, पहिल्या मिस्सेला किती माणसें जमलीं होतीं, हें सारें स्मरणिकेंत छापून येणारच आहे. समितीनें मला दिलेला विषय मात्र पुढच्या पिढीचा आहे: आपल्या घरांतील तेरा ते अठरा वर्षांचीं मुलें, त्यांचें मन, त्यांचें शरीर, आणि त्यांचें आपल्याशीं असलेलें नातें. विषय मोठा व वेळ थोडा; म्हणून मी एकच गोष्ट धरून बोलणार आहें. ती ही कीं, मुलाला आपल्या घरांत वाईट बातमी सांगतां आली पाहिजे. नापास झालों, पैसे घालविले, कोणीं फसविलें, जगणें नकोसें झालें आहे, हीं वाक्यें ज्या घरांत मूल भीतीवांचून उच्चारूं शकतें, तें घर सुरक्षित; मग तें कौलारू असो कीं दुमजली बंगला असो.

हें मी उगाच काढलेलें नाहीं. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली, आणि राज्यांमध्यें सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, १० ते १९ वर्षांच्या वयांत दर सातांपैकीं एकास मनाचा कांहीं ना कांहीं विकार असतो. धर्मशिक्षणाच्या एका वर्गांत पस्तीस मुलें बसतात असें धरा, आणि हिशेब तुम्हीच करा. तीं पांच मुलें कोणत्या बाकावर बसतात हें चेहरा पाहून सांगतां येत नाहीं. त्यांतलें एखादें गायकवृंदांत सर्वांत मोठ्यानें गातही असेल.

प्रभु येशूचें बालपण व त्याचें सेवाकार्य यांच्यामध्यें जीं वर्षें गेलीं, त्यांतील एकच प्रसंग संत लूकनें आपल्यासाठीं लिहून ठेवला आहे, आणि तो नेमका याच वयाचा आहे. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेंत मागें राहिला. आईबापांना तो तीन दिवसांनीं मंदिरांत सांपडला. आपलें मूल तीन दिवस बेपत्ता होऊन असें शांतपणें बसलेलें दिसलें असतें, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला असता, तें प्रत्येकानें मनांतल्या मनांत उच्चारून पाहावें. पवित्र मरियेनें प्रश्न विचारला. तूं असें कां केलेंस, हें तिला जाणून घ्यावयाचें होतें. आपण दोघें किती व्याकूळ होऊन शोधीत होतों, हेंही तिनें झांकून ठेविलें नाहीं. मुलानें उत्तर दिलें, आणि तें उत्तर त्या दोघांना समजलें नाहीं असें लूक स्पष्ट लिहितो. पवित्र कुटुंबांतही आईबापांना न समजणारा मुलगा होता, हें वाचून मला नेहमीं धीर येतो. न समजलेलें उत्तर त्या माउलीनें धिक्कारलें नाहीं. तिनें तें अंतःकरणांत जपून ठेविलें. या प्रसंगांत योसेफ एक शब्दही बोलत नाहीं, ही गोष्ट कित्येक बापांना फार सोयीची वाटते; परंतु योसेफही तीन दिवस शोधीत फिरत होता, हें त्यांनीं विसरूं नये.

आतां शरीराकडे येतों. निजण्याउठण्याविषयीं धर्मगुरूनें काय म्हणून बोलावें, असें कोणास वाटेल. जुन्या करारांतील एलिया संदेष्टा आठवा. तो जिवाला कंटाळून रानांत एका झुडुपाखालीं बसला व आतां मरण येवो असें म्हणूं लागला. देवानें त्याला उपदेश केला नाहीं. तो निजला, दूतानें त्याला उठवून भाकर व पाणी दिलें, तो पुन्हां निजला, पुन्हां त्याला खाऊं घातलें. बोलणें झालें तें पुढें, होरेब डोंगरावर.

आपल्या वाडवडिलांच्या वेळीं दिवेलागणीला जपमाळ, मग जेवण, आणि मग निजणें, असा घराचा क्रम होता. कारण पहाटे मोगरा खुडावयाचा असे, भाजीच्या पाट्या गाडीवर चढवावयाच्या असत. आज वाड्या कमी झाल्या, पहाट मात्र तशीच राहिली आहे. मुलाला क्लास गांठावयाचा असतो, अकरावी-बारावीच्या मुलीला वसईरोडची लोकल धरावयाची असते. पहाट राहिली आणि रात्र लांबली, अशी आपली अडचण आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोंप लागते, असें अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरवून सांगितलें. साडेबाराला निजून साडेपांचला उठणाऱ्याला पांचच तास मिळतात. त्यांत आणखी एक गोष्ट आईबापांनीं जाणून घ्यावी. या वयांत शरीराचें आंतलें घड्याळच पुढें सरकतें. झोंप आणणारा जो रस मेंदूंत उत्पन्न होतो तो लहानपणापेक्षां उशिरां पाझरूं लागतो. दहा वाजतां डोळा लागत नाहीं म्हणून मुलाला आळशी किंवा नाटकी म्हणणें हा अन्याय आहे. पण त्या उशिरां येणाऱ्या झोंपेला हातांतला मोबाइल आणखी दूर लोटतो, हेंही तितकेंच खरें. झोंपेला मुकलेलें मूल चिडतें, रडतें, विसरतें, उलट बोलतें. आणि आपण त्या सगळ्याला उर्मटपणा असें एकच नांव देऊन मोकळे होतों.

मोबाइल सैतानाचें हत्यार आहे, असें व्यासपीठावरून सांगणें सोपें. मी तें सांगणार नाहीं. मुलांचा अभ्यास त्यांत आहे, मित्र त्यांत आहेत, आणि आपले परदेशीं असलेले भाऊबहीणही त्यांतच भेटतात. मी एवढेंच सुचवितों कीं, रात्रीं ठरलेल्या वेळीं घरांतले सगळे फोन एका जागीं ठेवावे, आणि ती जागा निजण्याच्या खोलीबाहेर असावी. सगळे, म्हणजे बापाचाही. बापाचा फोन उशाशीं आणि मुलाचा कपाटांत, हा न्याय मुलें मानीत नाहींत, आणि त्यांचें बरोबर आहे. दिवसा तासभर अंगाला घाम येईल असा खेळ किंवा वाडींतलें काम, आणि घरचें अन्न, एवढें झालें म्हणजे शरीराविषयीं माझें सांगणें संपलें.

जेवणाविषयीं मात्र थोडें अधिक बोललें पाहिजे. चारजण चार वेळीं चार ताटें घेऊन बसतात, त्या घरांत कोणाचें कोणाकडे लक्ष जाणार? दिवसांतून एकदां तरी सर्वांनीं एकत्र जेवावें, आणि त्या वेळीं गुण, फी व शेजारच्या मुलाचा निकाल हे तीन विषय वर्ज्य करावे. भाजीवर बोला, फुटबॉलवर बोला, आजीच्या वेळच्या लग्नांतल्या गमती सांगा. आठ दिवस मुलगा हूं कीं चूं करणार नाहीं. नवव्या दिवशीं तो एखादें अर्धें वाक्य टाकील. त्या अर्ध्या वाक्यावर झडप घालूं नका. आपला अनुभव, आपलें कष्टाचें बालपण, आपण अनवाणी शाळेंत गेलों होतों ती कथा, हें सारें गिळून टाका. उरलेलें अर्धें वाक्य यावयाला वाट मोकळी ठेवा.

संत जॉन बॉस्को यांनीं १८८४ सालीं रोमहून आपल्या तुरिनच्या आश्रमाला एक पत्र पाठविलें. तेथील शिक्षक मुलांवर प्रेम करीत होते, त्यांच्यासाठीं खपत होते. तरी आश्रमांतला पूर्वींचा आनंद मावळला होता. त्यांच्या पत्राचा आशय असा कीं, प्रेम असून भागत नाहीं, आपल्यावर प्रेम आहे हें मुलाला कळलें पाहिजे. आणि तें कळावें म्हणून मोठ्यांनीं मुलांच्या खेळांत, त्यांच्या आवडींत उतरावें. आपल्याकडे बाप दोन पाळ्या करतो, आई कार्यालयांतून आठला परतते, आणि दोघांनाही खात्रीनें वाटतें कीं हें सर्व मुलांसाठींच आहे. तें खरेंच आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला त्यांतली फी दिसते, बंद दार दिसतें. प्रेम दिसेलच असें नाहीं. परमगुरु फ्रान्सिस यांनीं २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रांत आईबापांना असेंच कांहीं सुचविलें आहे: मूल या घटकेला कोणत्या ठिकाणीं आहे यापेक्षां तें मनानें कोठें आहे, हा प्रश्न मोठा. आज मुलाचें ठिकाण फोनवर नकाशांत दिसतें. त्यानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं.

एक कडू गोष्ट बोलतों. आपल्याकडील लग्नाच्या मांडवांत जें वाहातें तें मांडवापुरतें राहात नाहीं. बाप पिऊन येतो त्या घरांतलें मूल पाठ्यपुस्तक उघडून बसलेलें असतें, पण त्याचे कान पायरीवरच्या पावलांकडे असतात. तें रात्रीं निजत नाहीं तें मोबाइलमुळें नव्हे.

आतां परीक्षेचें. दहावींत अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्षीं जुलैंत पुन्हां बसण्याची सोय महाराष्ट्रांत २०१५ सालीं झाली. मुलांचें वर्ष वांचावें व त्यांनीं धीर सोडूं नये, म्हणून ती काढण्यांत आली. किती घरांत ही माहिती निकालाआधीं मुलाला दिली जाते? बहुतेक घरांत निकालाआधीं जें ऐकूं येतें तें निराळें असतें: तोंड दाखवूं नकोस, घराचें नांव घालवूं नकोस. आपण तें रागानें बोलतों व विसरतों. मूल तें अक्षरशः घेतें.

म्हणून कांहीं खुणा ध्यानांत ठेवा. दोन आठवडे मूल नीट खात नाहीं किंवा निजत नाहीं, मित्रांना टाळतें, ज्या खेळासाठीं जीव टाकीत होतें त्याकडे ढुंकून पाहात नाहीं, आवडत्या वस्तु वांटून टाकतें, मी तुम्हांला ओझें झालों, असें म्हणतें. अशा वेळीं एकान्तांत, शांतपणें, सरळ विचारावें: जीव द्यावा असें तुझ्या मनांत येतें काय? असें विचारल्यानें तो विचार मुलाच्या डोक्यांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. अभ्यासकांना तसें आढळलेलें नाहीं, उलट विचारल्यानें कोंडलेलें मन मोकळें होतें. उत्तर होय असें आलें, तर त्याला एकटें सोडूं नका आणि डॉक्टरांकडे न्या. नोव्हेना करा, अवश्य करा. मधुमेह झाला म्हणजे आपण नोव्हेनाही करतों आणि इन्सुलिनही घेतों. मनाच्या आजारांत मात्र नोव्हेना पुरे असें म्हणतों, कारण उद्यां लग्न कसें जमेल ही भीती असते. मुलगी जिवंत राहिली तर लग्नाचा प्रश्न येणार.

जुन्या माणसांच्या मनांत आणखी एक भीती आहे, आणि तीमुळें कित्येक घरांनीं आपलें दुःख वर्षानुवर्षें झांकून ठेविलें आहे. १९१७ च्या धर्मसंहितेंत जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्यास ख्रिस्तसभेच्या विधीनें दफन नाकारलें जाई. १९८३ च्या संहितेंत ती तरतूद राहिली नाहीं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथांत ख्रिस्तसभा शिकविते कीं, मनाची तीव्र व्यथा, यातना किंवा भय माणसाचें उत्तरदायित्व कमी करूं शकतें, आणि अशा माणसाच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. ख्रिस्तसभा त्याच्यासाठीं प्रार्थना करते. देशाचा कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाप्रमाणें आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावयाचें असतें, आणि त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरतें. ज्यांच्या घरीं अशी घटना घडली आहे, त्यांनीं आपल्या माणसाच्या नांवें मिस्सा मागावयास संकोच करूं नये. नांव इतर नांवांबरोबर वाचलें जाईल.

सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें टेलिमानस नांवाची सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर दिवसरात्र केव्हांही, पैसे न पडतां, मराठींतूनही बोलतां येतें. हा क्रमांक छोट्या चिठ्ठ्यांवर छापून सभागृहाच्या दोन्ही दारांशीं टोपलींत ठेविला आहे. जातांना एक घ्या व घरांत सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागीं लावा. बाहेर मुलें उभीं आहेत, त्यांनाही घेऊं द्या. आणि कोणीं दोन घेतल्या, तर दुसरी कोणासाठीं, असें विचारूं नका.